सात थरांचा वाढदिवस

वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं जर्मनीत अपशकुन मानतात, हे मला लायप्झिगला गेल्यावर कळलं. गोव्यात, फोंड्याला आईच्या गळी ते शेवटपर्यंत उतरलं नाही.

नोव्हेंबरात मला 23 पूर्ण होणार होती. पण आमच्याकडे वाढदिवस आधी तिथीनं. कार्तिक शुद्ध पंचमी त्या वर्षी तारखेच्या तब्बल 14 दिवस आधी आली. आईनं निरांजन घेऊन मोबाइललाच ओवाळलं. माझी जर्मन फ्लॅटमेट मागे कांदा चिरत होती.

"आज वाढदिवस?"

"नाही, 14 दिवसांनी. म्हणजे आजही आहेच."

तिनं सुरी ठेवली आणि लाकडी टेबलावर तीनदा टकटक केलं. तिकडची दृष्ट अशी काढतात.

ज्याचा वाढदिवस, त्याला तिथे 'वाढदिवसाचं बाळ' म्हणतात. ऐकायला गोड, पण केक त्या बाळानंच आणायचा! पार्टी द्यायला माझी ना नव्हती. फर्मागुडीला कॉलेजात असताना पावभाजीवर भागायचं. पण केक मित्र आणायचे आणि त्यातला निम्मा माझ्याच तोंडाला फासायचे.

मी फुशारकीनं म्हणालो, बेबिंक करतो, आमच्या गोव्याचा थरांचा केक. आमच्या घरात ते कधी कोणी केलेलं नाही; नाताळात शेजारच्या आंटीकडून यायचं, आम्ही खायचो. फोनवर आंटीनं सगळं सांगितलं: नारळाचं दूध, साखर, मैदा, डझनभर अंड्यांचं पिवळं, जायफळ. एक थर भाजला की तूप, मग दुसरा. असे सात. "वरून निखारे हवेत हां, नारळाच्या सोडणांचे." लायप्झिगच्या तिसऱ्या मजल्यावर सोडणं कुठली? ओव्हनचं ग्रिल लावलं.

आदल्या संध्याकाळी सहाला सुरुवात केली. सात-आठ मित्र जमले. रात्री बाराला शुभेच्छा, तोवर वाढदिवसाचा 'व' नाही. साडेसातला तिसरा थर ओव्हनमध्ये होता आणि फोन वाजला. गोव्यात नेमके बारा वाजले होते! स्पीकरवर आई, बाबा, काकू आणि बहुधा आख्खा वाडा: "हॅपी बर्थडे टू यू!" कोणी कान झाकले, कोणी टेबल बडवलं. आई खूश. "बघ, टाळ्या वाजवताहेत!"

चौथ्या थराला तूप सांडून धूर झाला, छतावरची घंटा कोकलली, खिडक्या उघडाव्या लागल्या. बाहेर तापमान शून्याच्या आसपास. सगळे कोट चढवून, हातात रिकाम्या बश्या घेऊन ओव्हनभोवती बसले. आमच्याकडे भजनाला बसतात तसे.

सातवा थर उतरला तेव्हा साडेअकरा झाले होते. बेबिंक निववून दुसऱ्या दिवशी कापायचं असतं, असं आंटीनं बजावलं होतं. बाराला आम्ही ते चमच्यानं खाल्लं. थर मोजता येत नव्हते, पण तळाला काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी फ्लॅटमेट डायरी घेऊन आली. पुढल्या वर्षी तुझी ती पंचमी कधी? त्या दिवशी ती गावाला जाणार होती. मी आईला विचारलं.

"नवं कालनिर्णय येऊ दे बाजारात, सांगते. आणि तिची तिथी काय रे?"