एक पी-व्हॅल्यू बिघडली म्हणजे जनरेटर नापास?

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की यादृच्छिक आकडे देणारे प्रोग्रॅम (जनरेटर) तपासणाऱ्या बिगक्रश या चाचणीसंचाच्या १६० पी-व्हॅल्यूंपैकी (निर्दोष जनरेटरला ती ० ते १ मध्ये कुठेही सारख्याच शक्यतेने पडते) एखादी ०.०००६ येणं हा योगायोग, आणि २^१९९३७ − १ इतकं आवर्तन (तीच मालिका पुन्हा सुरू होईपर्यंतची लांबी) असलेल्या मर्सेन ट्विस्टर या जनरेटरला नापास ठरवणं अन्यायाचं आहे.

पहिली गोष्ट मान्य. बिगक्रश ज्यात येतो त्या टेस्टयू०१ सॉफ्टवेअरमध्ये ०.००१ ते ०.९९९ च्या बाहेरची व्हॅल्यू संशयास्पद म्हणून छापली जाते. १६० × ०.००२ = ०.३२, म्हणजे निर्दोष जनरेटरलाही साधारण तीन फेऱ्यांत एकदा असा डाग लागतो. तेव्हा सीड (जनरेटरला दिलेला सुरुवातीचा आकडा) बदलून पुन्हा चालवायचं. तीच चाचणी पुन्हा त्याच बाजूला घसरली, तर दोष खरा. मात्र किती सीड घेणार हे आधीच ठरवा. पास होईपर्यंत सीड बदलत राहिलात तर ती चाचणीच उरत नाही.

दुसरी गोष्ट मला अजिबात पटत नाही. बिगक्रशमधल्या लिनियरकॉम्पच्या (रेषीय जटिलता मोजणाऱ्या) दोन्ही चाचण्यांत मर्सेन ट्विस्टर कुठल्याही सीडला नापासच होतो, आणि पी-व्हॅल्यू १ ला इतकी चिकटते की योगायोगाला जागाच राहत नाही. कारण त्याच्या रचनेत आहे. त्याचा प्रत्येक बिट हा स्टेटमधल्या (जनरेटरच्या अंतर्गत स्मृतीतल्या) १९९३७ बिटांपैकी काहींच्या एक्सॉरनेच (दोन बिट वेगळे असतील तरच १ देणारी क्रिया) बनतो. चाचणी ४,००,०२० बिट घेते. खऱ्या यादृच्छिक बिटांची रेषीय जटिलता (पुढचा प्रत्येक बिट नुसत्या एक्सॉरने काढायला मागचे किमान किती बिट लागतात ती संख्या) त्याच्या निम्मी, म्हणजे दोन लाखांच्या आसपास भरते. याची १९९३७ वर अडकते. लांब आवर्तनाचं म्हणाल, तर १, २, ३ असं नुसतं मोजणारा १९९३७ बिटांचा साधा काउंटरही तेवढाच लांब चालतो!

माँटे कार्लो पद्धतीच्या (यादृच्छिक आकडे वापरून उत्तराचा अंदाज काढण्याच्या) बहुतेक कामांत हा दोष आड येत नाही, हेही खरं. पण पासवर्ड किंवा टोकनसाठी तो चालणार नाही: ३२ बिटांचे सलग ६२४ आकडे हाती आले की पूर्ण स्टेट उलगडते आणि पुढचे आकडे ओळखता येतात. पायथॉनमध्ये तिथे रँडम नव्हे, सीक्रेट्स मॉड्यूल वापरा.

तुमच्या ६४ बिटांच्या जनरेटरबद्दल: टेस्टयू०१ एका वेळी ३२ बिटच घेतं, त्यामुळे तुम्ही फक्त वरचा अर्धा भाग तपासलात. खालचे ३२ बिट वेगळे द्या, मग बिटांचा क्रम उलटा करून द्या. एक्सॉरशिफ्ट१२८+ या जनरेटरची खालच्या बिटांतली खोट त्या उलट्या क्रमातच मॅट्रिक्सरँक (बिटांमधली रेषीय नाती शोधणाऱ्या) चाचणीत उघडी पडते.