खुलासा: मतदार यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मिळत नाही

ठाणे, कळवा, ऐरोलीतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पुन्हा फिरतोय. नाव यादीत नसेल तर आधार दाखवा आणि कलम ४९अ खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा. केंद्रावर ‘टेंडर व्होट’ १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान होते, असा त्यातला दावा.

दोन्ही गोष्टी खोट्या. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही, मग खिशात कितीही ओळखपत्रे असोत. १९६१च्या निवडणूक नियमावलीतला ४९अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेचा आहे. ‘चॅलेंज’ करतो तो पोलिंग एजंट, म्हणजे केंद्रावरचा उमेदवाराचा प्रतिनिधी, तेही समोरच्या मतदाराच्या ओळखीवर हरकत घेऊन, २ रुपये अनामत भरून.

टेंडर मत मात्र खरे आहे. तुमच्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेले असेल, तर त्याच नियमावलीतील ४९प नुसार, ओळख पटल्यावर केंद्राध्यक्ष कागदी मतपत्रिका देतो. ती यंत्रात जात नाही, पाकिटात बंद होते आणि नेहमीच्या मतमोजणीत धरली जात नाही. १४ टक्क्यांची अट नियमांत कुठेच नाही.

मतदार याद्यांवरचे विरोधकांचे आक्षेप हा वेगळा विषय. त्यासाठी १ नोव्हेंबर २०२५ रोजी मुंबईत मोर्चाही निघाला. हा मेसेज खोटा ठरला म्हणून ते आक्षेप आपोआप निकालात निघत नाहीत. नाव आत्ताच तपासा. नसेल तर नमुना ६, म्हणजे नाव नोंदवण्याचा अर्ज, भरा. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी नाव चढत नाही.