घोटा मोडल्यावर गाडी कधी काढायची?

प्लास्टर उतरलं की तिसऱ्या दिवशी दुचाकीची किल्ली शोधणारे बेळगावात घरोघरी आहेत. सगळ्यांचा प्रश्न एकच, "किती आठवडे?" हाड साधारण 6 ते 8 आठवड्यांत धरतं. प्लेट-स्क्रू बसवले म्हणून ते लवकर जुळत नाही. प्लेट हाडाला जागेवर धरून ठेवते, एवढंच. पण तोवर पोटरी सुकलेली असते, सांधा आखडलेला असतो. एक्स-रेत हाड दिसतं, पोटरीतला जोर दिसत नाही.

उजवा पाय असेल तर मागचा ब्रेक आला. ऑपरेशन झालेल्या उजव्या घोट्यांची मोटारीच्या ब्रेकवर चाचणी घेतली, तेव्हा ब्रेक दाबायचा वेग पूर्ववत व्हायला सुमारे 9 आठवडे लागले होते. ते तर सीटवर निवांत बसून. इथं किक आणि मेन स्टँडही उजव्याच पायाला. किकनं उलटा झटका दिला तर तो थेट घोट्यात, म्हणून सेल्फ चालू नसलेली गाडी घेऊच नका.

"डावा आहे ना, मग नुसता गियरच की!" हे मला अजिबात पटत नाही. गियरचं निभावतं. स्प्लेंडरला पुढं दाबलं की गियर चढतो, मागं टाचेनं दाबलं की उतरतो. पंजा उचलायचं कामच नाही. खरी गोम थांबण्यात आहे. आपण डावीकडून चालतो आणि रस्त्याचा ढाळही कडेकडंच असतो, म्हणजे डावा पाय टेकतो ती जमीन जरा खालीच. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं, उजवा पाय ब्रेकवर, आणि 112 किलोची स्प्लेंडर किंवा 195 किलोची रॉयल एनफील्ड क्लासिक डावीकडं कलली की तोल त्या एका घोट्यावर. खाली बारीक खडी किंवा पावसातला तांबडा चिखल असला तर पाऊल आत मुडपतं. बरेच घोटे पहिल्यांदा मोडतात तेही असेच. बिनगियरच्या स्कूटरला पायात ब्रेक नसतो हे खरं, पण पाय टेकणं तिथंही चुकत नाही.

डॉक्टरांनी पूर्ण भार टाकायला सांगितल्यावर घरीच बघा. अनवाणी, भिंतीकडं तोंड करून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा भिंतीपासून किती लांब नेता येतो ते मोजा. चांगल्या पायापेक्षा 2 सेंमीहून जास्त कमी भरलं तर सांधा अजून मोकळा नाही. मग एका पायावर 30 सेकंद उभं राहणं, आणि त्याच पायावर टाच उचलणं, लंगडत नाही, सरळ. बहुतेकजण इथंच अडकतात. आधी दोन्ही पायांवर 15-15 चे तीन फेरे. पंक्चरवाल्याकडची जुनी ट्यूब पंजाला अडकवून ओढणंही चालतं. कच्च्या हाडावर तेल लावून चोळून मात्र घेऊ नका. पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली, दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्ताची गुठळी असू शकते.

सुरुवात मोकळ्या मैदानात, मागं कुणाला न बसवता. संध्याकाळी मोज्याची खूण खोल उमटली, सकाळपर्यंत सूज उतरली नाही, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. जांबोटीहून चोर्ला घाटात जायचं असेल तर त्याआधी आठवडाभर गावातली चढ-उतार सूज न येता जमायला हवी. आणि बूट घेताना प्लेट असलेली बाहेरची बाजू बोटानं चाचपा. बुटाची शिवण नेमकी स्क्रूच्या डोक्यावर येत असेल तर तासाभरात कातडी लाल होते.