फ्लायव्हीलचं यंत्र सगळ्याच लाकडांना पुरत नाही
‘लाकूड फोडायला कायनेटिक स्प्लिटरच घ्या, हायड्रॉलिक निकामी’ असा संदेश गोव्यातल्या सत्तरी-पेडण्यात काजूची फेणी गाळणाऱ्या भट्टीवाल्यांत फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. कायनेटिकच्या पाचरीचा पुढे जाऊन मागे येण्याचा फेरा साधारण 3 सेकंदांत होतो, हायड्रॉलिकला बहुधा 10-15 लागतात. सरळ ओंडक्यांना तो वेग फायद्याचा. पण कायनेटिकची ताकद फिरत्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे जड चाकात, साठलेली असते. गाठीत पाचर अडकली की ही ताकद संपते, चाक पुन्हा वेग घेईपर्यंत थांबावं लागतं. हायड्रॉलिकमध्ये पंप तेलाचा दाब देतच राहतो. काजूचं लाकूड वाकडं, गाठाळ. भट्टीसाठी मी हायड्रॉलिकच सुचवेन. आणि एकाने ओंडका धरायचा, दुसऱ्याने लीव्हर दाबायचा, हे कृपा करून कुठल्याच यंत्रावर करू नका. कायनेटिकवर तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.