जुन्या सिंगर मशीनमध्ये ‘लाल पारा’ नाही

‘सिंगरच्या जुन्या शिलाई मशीनच्या सुईत लाल पारा असतो, मोबाईल जवळ नेला आणि फोन कटला, तर मशीन लाखोंची’ असा मेसेज सध्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांतल्या ग्रुपवर फिरतोय. हे खरं नाही.

सुई पोलादाची असते. शिवता शिवता ती बोथट होते, मोडते आणि बाजारातून आणलेली दुसरी बसते. आजीच्या मशीनला आज असलेली सुई कंपनीतून आलेली नसतेच, मग तिच्यात शंभर वर्षांपूर्वीचं काही राहणार कसं? शिवाय ‘लाल पारा’ नावाचा असा मौल्यवान पदार्थ असल्याचं विज्ञानात कुठेच सिद्ध झालेलं नाही. हीच अफवा २००९ मध्ये सौदी अरेबियात पसरली होती, मोबाईलच्या त्याच परीक्षेसकट. तिथेही लोकांनी जुन्या मशीनसाठी भरमसाट पैसे मोजले.

मशीन तशी दुर्मिळही नाही. आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. पुढे स्कॉटलंडमधल्या क्लाईडबँकच्या कारखान्यातून एकेका वर्षात दहा लाखांहून जास्त मशीन निघाल्या. तो १९८० मध्ये बंद झाला. मशीनचं साल तिच्यावर कोरलेल्या नंबरावरून कळतं, मोबाईलवरून नाही.

घरातल्या बाईची कमाई ज्या मशीनवर चालते, ती या मेसेजपायी कोणाच्या हाती देऊ नका. ‘तपासणी’साठी आगाऊ पैसे तर मुळीच नका देऊ. मेसेज पुढे पाठवणं थांबवा, आणि ज्या ग्रुपवर तो आला तिथे हा खुलासा टाका.