मावशींचे तीन हजार

रविवारची संध्याकाळ, शिवाजी पार्कचा कट्टा, पाठीमागे पोरांची टेनिस बॉलची मॅच. मंद्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. बोलता बोलता म्हणाला, "जिने झाडणाऱ्या मावशींना 9 हजार देतो, दादाला 12. तरी कुरकुर आहेच."

"तीन हजारांचा फरक कशाचा?" विद्याने विचारलं. ती एका कंपनीत पगारपत्रकं बघते. आकडा ऐकला की तिचे कान टवकारतात.

"दादा पंप चालवतो, टाकीवर चढतो. जोखीम नाही का?"

पऱ्याला राहवेना. तो कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि कट्ट्यावरही शिकवतो. म्हणाला, मंद्या नकळत अ‍ॅडम स्मिथ बोलतोय. स्मिथने 1776 मध्येच लिहून ठेवलंय की घाणेरड्या, धोक्याच्या कामाला मजुरी जास्त पडते, नाहीतर त्या कामाला कुणी येणारच नाही. पगारातला प्रत्येक फरक म्हणजे अन्याय नव्हे.

"मग गटारात उतरणारा माणूस मुंबईत सगळ्यात श्रीमंत असायला हवा," विद्या म्हणाली.

पऱ्याने हे मान्य केलं, त्याचं कौतुक. स्मिथचं गणित चालायला माणसाला 'नाही करत' म्हणता आलं पाहिजे. ज्याला दुसरीकडे कुणी उभंच करत नाही, त्याला घाणीचे जास्तीचे पैसे कोण कशाला देईल?

मंद्या क्रिकेटवर आला. पार्कात बसून तो क्रिकेटवर येणारच. "भावना सोडा, बाजार बघा. 2022 मध्ये बीसीसीआयने बाया-पुरुषांची मॅच फी सारखी केली. कसोटीला 15 लाख, वनडेला 6, टी-ट्वेंटीला 3. पण वर्षाच्या करारात तेव्हा पुरुषांची वरची श्रेणी 7 कोटींची आणि बायकांची 50 लाखांची. का? स्टेडियम कोण भरतं, त्यावर आहे."

यात तथ्य आहे, मी नाकारत नाही. पण आयपीएल सुरू झाली 2008 ला आणि बायकांची डब्ल्यूपीएल 2023 ला. तिचा पहिला लिलाव इथेच बीकेसीत झाला, त्यात स्मृती मानधनाला 3 कोटी 40 लाख मिळाले. गिऱ्हाईक किती ते कळायला आधी दुकान उघडावं लागतं. हे पंधरा वर्षं उघडलंच नव्हतं.

तेवढ्यात पऱ्याने गॅरी बेकर काढला. शिकागोचा अर्थशास्त्रज्ञ, पुढे 1992 चं नोबेल मिळालेला. त्याचं 1957 चं म्हणणं असं की भेदभाव करणारा मालक स्वतःच्याच पोटावर पाय आणतो. चांगला माणूस स्वस्तात मिळत असताना त्याला हाकलतो, शेजारचा त्याला उचलतो आणि पुढे जातो. स्पर्धा असली की पूर्वग्रह परवडत नाही.

"ऐका!" मंद्या खूश.

नाना इतका वेळ चहाचा ग्लास हातात घेऊन नुसते बसले होते. "गिरण्यांत स्पर्धा नव्हती काय रे?" त्यांनी विचारलं.

नानांचे आजोबा रत्नागिरीकडून आलेले, डिलाइल रोडच्या चाळीत राहिलेले. सगळा जन्म सूतखात्यात गेला. पैसे जास्त मिळायचे विणकामाला, पण साच्यावर, म्हणजे मागावर, अस्पृश्यांना घेत नसत. कारण धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढायचं. आज एकाने तोंड लावलेला धोटा उद्या दुसऱ्याच्या तोंडाला. "म्हणून शेजारी आमचा माणूस चालेना," नाना म्हणाले. "मालकाला काय, साचा कुणीही चालवला तरी कापडच निघणार. तरी दार बंद. 1928 चा तो सहा महिन्यांचा संप झाला ना, त्यात बाबासाहेबांनी हे खातं आमच्यासाठी खुलं करा म्हणून मागणी लावून धरली. मालकांकडे नव्हे फक्त, संपाच्या पुढाऱ्यांकडेही."

पऱ्या जरा वेळाने म्हणाला, याला बेकरच्या पुस्तकात जागा आहे. पूर्वग्रह मालकाचा नसून सोबतच्या कामगारांचा असेल, तर मालक भांडण नको म्हणून माणसंच वेगवेगळी बसवतो. मग दार उघडायला स्पर्धेचा उपयोग नाही.

माझं डोकं तिथेच अडकलं. समान कामाला समान वेतन, असा कायदा 1976 ला झाला. तो आजोबांच्या वेळी असता तरी त्यांना काय मिळालं असतं? सूतखात्यात सगळ्यांना सूतखात्याचाच दर. पगारपत्रक अगदी स्वच्छ. 'एकाच कामातले' बाया-पुरुष शेजारी ठेवून तुलना केली की फरक आक्रसतो, आणि मंद्यासारखे लोक म्हणतात, बघा, फारसा नाहीच. पण काम वेगळं कुणी केलं? ते त्या हिशेबात येतच नाही. घोटाळा पगाराच्या पाकिटात शोधतात, आणि तो झालेला असतो खातं देताना.

विद्याने त्यावर बॅलार्ड इस्टेटची मॅकिनॉन मॅकेन्झी काढली. या जहाज कंपनीत 'लेडी स्टेनो' पुरुष स्टेनोंपेक्षा कमी पगारावर. कंपनी म्हणाली, त्या साहेबांच्या खासगी कामाला आहेत, त्यांचा वर्गच निराळा. 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, काम तेच आहे, पगारही तोच द्या.

"सोसायटीकडे फंड नाही पण," मंद्या पुटपुटला.

"परवडत नाही, हेही कंपनीने सांगून पाहिलं होतं. कोर्टाने ऐकलं नाही."

पण हे झालं आत शिरलेल्यांचं. दारावर काय होतं, ते पऱ्याने सांगितलं. आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज धाडले. शिक्षण तोडीस तोड, फरक फक्त नावांत. 2007 ला निष्कर्ष छापून आले. सवर्ण हिंदू नावाशी तुलना करता दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, मुस्लिम नावाला एक तृतीयांश. मुलाखतही व्हायची होती अजून.

"ते ठीक आहे," मंद्या म्हणाला. "पण आमच्याकडे मावशींना कुणी अडवलंय? बाई टाकीवर चढणार आहे का?"

"विचारलंस कधी?"

"त्यात काय विचारायचं?"

नानांनी ग्लास कट्ट्यावर ठेवला. "गणपतीत तुमचा दादा गावाला जातो ना? मग पंप कोण चालवतं?"

मंद्या मॅचकडे बघायला लागला. "मावशी."

"आणि टाकी?"

"त्याच बघून येतात."

"त्या दिवसांचे जास्तीचे पैसे?" विद्या.

"सभेत विषय घेतो."

"कधीच्या?"

"आता... मार्चनंतरच्या."