पिंजरा तुमचा, दात त्यांचे

दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. ही म्हण आपण निबंधात वापरून सोडून देतो, तिच्यात केवढा धंदा दडलाय ते कुणी सांगत नाही. एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढती भरवणारी कंपनी काढायचं तुमच्या मनात असेल, तर ही म्हण कार्यालयाच्या भिंतीवर लावा आणि गिरवायला अमेरिकेतली यूएफसी, म्हणजे अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, घ्या. त्याहून चांगला कित्ता सापडणार नाही.

सुरुवातीला एकच करायचं. ‘आमच्याकडे नियम नाहीत’ असं ओरडून सांगायचं. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हरमध्ये यूएफसीचा पहिला कार्यक्रम झाला तो याच आरोळीवर. वजनी गट नाहीत, पंच गुण देणार नाहीत. चावायचं नाही आणि डोळ्यांत बोटं घालायची नाहीत एवढं होतं, पण असला बारीकसारीक तपशील जाहिरातीत मावत नाही. आखाड्याभोवती मगरींचा खंदक असावा, जाळीत वीज सोडावी, अशाही कल्पना तेव्हा निघाल्या होत्या. शेवटी आठ कोनांच्या जाळीवर भागलं. पहिल्याच लढतीत जेरार्ड गोर्डो या डच लढवय्यानं टेइला टुली या सुमो पैलवानाच्या तोंडावर लाथ घातली, दात उडाला आणि २६ सेकंदांत लढत संपली. घरबसल्या पैसे भरून बघणाऱ्याला आणखी काय हवं असतं?

जमल्यास विजेताही घरचाच असू द्या. संस्थापकांपैकी एक होते रोरियन ग्रेसी, आणि आठ जणांच्या स्पर्धेत पुरून उरला तो त्यांचा धाकटा भाऊ रॉइस. अंगानं किरकोळ, पण जमिनीवर पाडून जखडणाऱ्या ब्राझिलियन जिउ-जित्सूत मुरलेला. जिंकला तो अस्सल कौशल्यावर, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. मात्र ५० हजार डॉलरचं बक्षीसही घरात आणि घरच्या विद्येची जगभर जाहिरातही घरात, असा योग पत्रिकेत असावा लागतो.

नियम पुढे येतातच, घाबरू नका. फक्त ते कशासाठी येतात तिकडे लक्ष ठेवा. डिसेंबर १९९४ मध्ये चौथा कार्यक्रम लांबला. विकत घेतलेली प्रक्षेपणाची वेळ संपली आणि अनेकांच्या घरचा पडदा अंतिम लढत ऐन रंगात असताना काळा झाला. पैसे परत करायची पाळी आली. लगेच पुढच्या कार्यक्रमात लढतींना वेळेची मर्यादा आली. लाथ बसून दात पडला तेव्हा नियम सुचला नव्हता, परतावा द्यावा लागला तेव्हा सुचला.

मग एखादा राजकारणी तुमच्यावर घसरेल. घसरू द्या. सिनेटर जॉन मॅकेन यांनी या प्रकाराला ‘माणसांची कोंबडझुंज’ म्हटलं, राज्यांच्या गव्हर्नरांना बंदीसाठी पत्रं लिहिली. एकामागून एक राज्यांनी दारं लावली, केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबवलं, आणि जी कंपनी नियम नसल्याची दवंडी पिटत होती तीच सरकारी क्रीडा आयोगांच्या दारात ‘आम्हाला नियम द्या हो’ म्हणत उभी राहिली. हातमोजे आले, वजनी गट आले, फेऱ्या आल्या, गुण देणारे पंच आले.

पण तुम्ही एवढा त्रास कशाला काढता? कंपनी काढण्यापेक्षा बुडीत निघालेली घ्या. जानेवारी २००१ मध्ये लास व्हेगासच्या कॅसिनोवाल्या फर्टिटा बंधूंनी यूएफसी २० लाख डॉलरला घेतली आणि कारभार डेना व्हाइट या मित्राच्या हाती दिला. व्हाइट तोवर लढवय्यांचे व्यवस्थापक होते, म्हणजे मोबदला वाढवून मागणाऱ्यांच्या बाजूचे. आणि बंधूंपैकी लॉरेन्झो हे काही काळ आधीपर्यंत नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाचे सदस्य होते, म्हणजे नियम लावणाऱ्यांच्या बाजूचे. दोन्ही बाजूंचे अनुभवी लोक तिसऱ्या बाजूला येऊन बसले. लाभ तिथेच असतो, हे आपण भिंतीवर लावलंच आहे.

पहिली काही वर्षं नुकसान सोसावं लागेल. त्यांचं सव्वातीन कोटी डॉलरच्या वर गेलं. तेव्हा त्यांनी १६ लढवय्ये एका घरात कोंडले आणि त्याचा रिअ‍ॅलिटी शो केला, निर्मितीचा खर्चही स्वतःच केला. ‘द अल्टिमेट फायटर’ जानेवारी २००५ मध्ये सुरू झाला. त्यातला एक प्रसंग नव्या मालकांनी वहीत उतरवून घ्यावा. घरातल्या मुलांची अशी समजूत झाली होती की लढलं की पैसे मिळतात. व्हाइट यांनी त्यांना ओळीनं उभं केलं आणि ‘तुम्हाला खरंच लढवय्ये व्हायचंय का?’ या धर्तीवर एक भाषण ठोकलं, ज्यातले निम्मे शब्द इथे छापता येणार नाहीत. भाषण पुढे गाजलं. पैशाचा प्रश्न असा धैर्याच्या प्रश्नात बदलता आला की निम्मं काम झालं समजा.

त्या एप्रिलमध्ये अंतिम लढतीत फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बॉनर यांनी एकमेकांना असं बुकललं की लोक टीव्हीसमोरून हलेनात. कंपनीनं खूश होऊन हरलेल्यालाही करार दिला. औदार्य दाखवायचं ते असं, कॅमेऱ्यासमोर.

तत्त्वं असावीत, पण सैल. यूएफसीत बायका कधी लढणार, असं २०११ मध्ये विचारल्यावर व्हाइट यांचं उत्तर होतं, कधीच नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत राँडा राउझी मुख्य लढतीत होती.

शिस्तीचंही तसंच. एप्रिल २०१८ मध्ये ब्रुकलिनला कॉनर मॅकग्रेगर या आयरिश लढवय्यानं लढवय्यांनी भरलेल्या बसवर सामान वाहायची लोखंडी ढकलगाडी फेकली. काचा फुटल्या, जखमी झालेल्या दोघांना लढतीतून माघार घ्यावी लागली. कंपनीच्या इतिहासातला हा सर्वांत किळसवाणा प्रकार, असं व्हाइट म्हणाले. ऑक्टोबरमध्ये मॅकग्रेगर आणि खबीब नुर्मागोमेदोव्ह यांची लढत ठरली तेव्हा जाहिरातीत काय दाखवलं? तीच बस, तीच गाडी, त्याच काचा. त्या रात्री सुमारे २४ लाख घरांनी पैसे भरले. किळस वाया घालवू नये, फ्रीजमध्ये ठेवावी.

आता मुख्य भाग, करार. पिंजऱ्यातले नियम दहा मिनिटांत पाठ होतात, करारातले वाचायला वकील लागतो. लढवय्याला नोकर म्हणू नका, ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणा. आणि मग तो कुणाशी लढणार, कधी लढणार, अंगावर काय घालणार, ते तुम्ही ठरवा. पूर्वी हे लोक चड्डीवर स्वतःचे प्रायोजक मिरवायचे. २०१५ मध्ये सगळ्यांना रीबॉकचा गणवेश आला आणि नवख्याच्या वाट्याला एका लढतीमागे अडीच हजार डॉलर. मानधनाचे दोन तुकडे करा, एक उतरण्याचा, एक जिंकण्याचा. म्हणजे पंचांचा निकाल विरुद्ध गेला की दोघांच्या नाकातून रक्त सारखंच आलेलं असतं, पण एकाचा धनादेश निम्मा होतो. गडी आपल्या वजनी गटाचा चॅम्पियन झालाच तर करार आपोआप लांबेल असं एक कलम टाकून ठेवा. बॉक्सिंगमध्ये आयोजकांना वेसण घालायला अमेरिकेनं २००० साली मुहम्मद अलींच्या नावाचा कायदा केला. तो एमएमएला लागू नाही. नियम नाहीत ही मूळ आरोळी बघा कुठे खरी ठरली ती!

२०१६ मध्ये कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलरला विकली गेली. लढवय्यांपैकी काहींनी २०१४ मध्येच खटला भरला होता, की लढवय्यांच्या बाजारात एवढी मोठी खरेदीदार असलेल्या या कंपनीनं आमचे भाव पाडले. तुमच्यावरही येईल तो. तडजोडीला ३३ कोटी ५० लाख डॉलर देऊ केले तर न्यायाधीश म्हणाले कमी आहेत, मग ३७ कोटी ५० लाखांवर मिटलं आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यावर शिक्का बसला. हजाराहून अधिक लोकांत वाटायचे. दचकू नका. त्याच ऑगस्टमध्ये प्रक्षेपणाचे सात वर्षांचे हक्क ७७० कोटी डॉलरला गेले.

राहता राहिलं तुमचं आसन. पहिल्या रांगेत, जाळीच्या अगदी लगत बसा, टीव्हीवर चांगलं दिसतं. शिंतोडे तिथवर येतात, तेव्हा कोट काळा शिवून घ्या.